व्हेनेझुएला गयानाच्या एसेक्विबो प्रदेशावर हक्क का सांगतो? फक्त तेलासाठी?

नाही. तेलाने वाद पेटला, पण तो बराच जुना आहे. १८९९ च्या लवादाने हा भाग तेव्हाच्या ब्रिटिश गयानाला दिला. तो निवाडा संगनमताने झाला, असं व्हेनेझुएला १९६२ पासून उघडपणे म्हणतोय. १९६६ च्या जिनिव्हा करारानेही तोडगा निघाला नाही. २०१५ मध्ये समुद्रात तेलाचा मोठा साठा सापडला आणि सूर चढला. २०१८ मध्ये गयाना आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, तर डिसेंबर २०२३ मध्ये व्हेनेझुएलाने थेट सार्वमतच घेतलं.

एसेक्विबो म्हणजे गयानाचा दोन-तृतीयांशाहून जास्त भूभाग, बहुतेक घनदाट जंगल. २२६ मीटरचा कायेतूर धबधबा इथलाच. त्याच्या काठी अंगठ्याच्या पेराएवढा सोनेरी बेडूक राहतो. ब्रोमेलियाड या अननसाच्या कुळातल्या मोठ्या झाडाच्या पानांच्या बेचक्यात साचलेल्या पाण्यातच तो अंडी घालतो, पिल्लंही तिथेच वाढतात.

खरं सांगायचं तर या जंगलाला आजचा धोका सैन्यापेक्षा सोन्याच्या खाणींचा जास्त आहे. सोनं वेगळं करायला वापरलेला पारा नदीत उतरतो, तिथून माशांत आणि मग मासे खाणाऱ्या आदिवासींच्या पोटात. सीमा कुठेही आखली तरी नदी तीच.