पहिला रिपोर्ट निगेटिव्ह, तरी इंजेक्शनं का?

प्रश्न : माझे मिस्टर (वय 51, वजन 60 किलो) एसटीत कंडक्टर आहेत. दिवाळीनंतर त्यांना ताप आला, डोकं ठणकायला लागलं. दुसऱ्या दिवशी ‘घरात काहीतरी जळतंय’ म्हणून सारखे स्वयंपाकघरात जाऊ लागले, चमच्याला नाव सुचेना. रात्री झटका आला. सीटी स्कॅन नॉर्मल निघाला. पाठीतलं पाणी तपासलं, त्यात हर्पिसचा विषाणू सापडला नाही. तरी डॉक्टरांनी असायक्लोविरची (हर्पिसच्या विषाणूवरचं औषध) इंजेक्शनं चालूच ठेवली. चार दिवसांनी पुन्हा पाणी काढलं, तेव्हा पॉझिटिव्ह आलं. इंजेक्शनं 21 दिवस दिली. दीर म्हणतात, बिल वाढवायला ठेवून घेतलं. ताप पाचव्या दिवशीच उतरला होता, गोळ्यांवर भागलं असतं. शिवाय हर्पिस म्हटल्यावर लोक भलतंच समजतात. आता ते घरी आहेत, पण सकाळचं दुपारी आठवत नाही. ड्युटीवर कधी जातील?
(एक वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : ताई, बिल मी पाहिलेलं नाही. पण औषधापुरतं बोलायचं तर त्या डॉक्टरांनी पहिल्या रिपोर्टवर विसंबून इंजेक्शनं बंद केली असती, तर मी त्यांना दोष दिला असता.

पाण्याची पीसीआर (विषाणूचा अंश शोधणारी) तपासणी भरवशाची आहे, पण आजाराच्या पहिल्या तीन दिवसांत ती चुकून निगेटिव्ह येऊ शकते. सुरुवातीचा सीटीही पुष्कळदा साफ असतो. एमआरआय आधी बोलतो. ताप, नसलेला जळका वास, शब्द न सुचणं, वर झटका, म्हणजे बोट कानशिलामागच्या मेंदूकडे जातं. हर्पिसचा विषाणू मेंदूत शिरला की बहुधा तिथेच बसतो. आपल्याकडे टीबीचा मेंदूज्वरही डोक्यात ठेवावा लागतो. त्यात पाण्यातली साखर सहसा उतरते, हर्पिसमध्ये बहुतेक वेळा नॉर्मल असते. तुमच्या फाइलमध्ये तो आकडा असेल, बघा.

असायक्लोविर नव्हतं तेव्हा या आजारात दहातले सातेक रुग्ण दगावत. ज्या प्रयोगशाळेतून हे औषध आलं, तिथल्या गर्ट्रूड एलियन यांना 1988 मध्ये नोबेल मिळालं. एवढ्या औषधालाही उशीर झालेला चालत नाही, म्हणून रिपोर्टची वाट न पाहता ते सुरू करतात.

दिरांना एवढं सांगा : असायक्लोविरची गोळी घेतली तर त्यातलं जेमतेम दहा-वीस टक्के औषध रक्तात उतरतं. मेंदूला ते पुरत नाही. 60 किलोच्या माणसाला दर आठ तासांनी 600 मिलिग्रॅम, तेही सलाइनमधून तासभर सावकाश द्यावं लागतं. घाईने दिलं किंवा अंगात पाणी कमी असलं तर औषधाचे खडे मूत्रपिंडात अडकतात. क्रिएटिनिनसाठी (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी तपासणी) सारखं रक्त काढत होते ते यासाठी. ताप उतरला म्हणजे विषाणू गेला असं नाही. 14 ते 21 दिवसांचा कोर्स अर्ध्यावर सोडला तर आजार उलटतो.

लोकांचं म्हणाल, तर मोठ्या माणसांत हा बहुधा तोच विषाणू असतो, ज्याने तापानंतर ओठावर पाण्याचे फोड (‘जर’) उठतात. बहुतेकांना तो लहानपणीच, घरच्यांच्या लाळेतून मिळतो आणि मज्जातंतूत दडून राहतो. त्यात लाज कसली? ताट-पेला वेगळा करू नका. नागीण करणारा विषाणू याच्या भावकीतला, पण वेगळा.

आता पुढच्या दोन-तीन महिन्यांकडे लक्ष द्या. विसरभोळेपणा राहतो, हळूहळू थोडा सुधारतो. पण एकाएकी झोप उडाली, संशय घ्यायला लागले, तोंडाच्या विचित्र हालचाली दिसल्या किंवा पुन्हा झटके आले, तर ‘मनावर परिणाम झालाय’ म्हणून घरी थांबू नका. काहींच्या बाबतीत विषाणू गेल्यावर शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटते. त्याचं औषध वेगळं, स्टेरॉइडसारखं असतं. झटक्याची गोळी मनाने बंद करायची नाही, मोटारसायकल द्यायची नाही.

ड्युटीची तारीख मी देणार नाही. तिकीट, सुट्टे पैसे, पुढचा थांबा असं सगळं एकदम ध्यानात ठेवायचं काम आहे ते. न्यूरॉलॉजिस्टकडून स्मरणशक्तीची रीतसर चाचणी करून घ्या आणि तो कागद लावून डेपोत हलकं काम मागा. तोवर खिशात छोटी वही द्या. जेवण, गोळी, कोण आलं-गेलं, त्यांनी स्वतःच्या हाताने लिहायचं.