'मरीन'ला 'नौसैनिक' म्हणावे का?

१८८२ च्या ब्रिटिश इजिप्त मोहिमेच्या एका पदकाच्या काठावर नावापुढे 'पीटीई, आर.एम.एल.आय.' कोरले आहे. मराठीत या माणसाला नौसैनिक म्हणायचे का, असा प्रश्न आला आहे.

म्हणू नये. नौसैनिक म्हटले की जहाज हाकणारा डोळ्यांपुढे येतो. 'आर.एम.एल.आय.' म्हणजे रॉयल मरीन लाइट इन्फन्ट्री, ब्रिटिश आरमाराचे पायदळ, आणि 'पीटीई' म्हणजे प्रायव्हेट, साधा शिपाई. जहाजावर नेमणूक असली तरी तो बंदूकधारी पायदळीच. 'आरमारी शिपाई' हा शब्द चपखल बसतो. नुसते 'मरीन'ही चालेल, पण जपून. 'बॉम्बे मरीन' हे ईस्ट इंडिया कंपनीच्या अख्ख्या आरमाराचे नाव होते. उलट मुंबईच्या 'मरीन लाइन्स'मधला मरीन शिपाईच, कारण तिथे मरीन बटालियनची लाइन, म्हणजे छावणी, होती. एकाच शहरात एका शब्दाचे दोन अर्थ नांदले, हे मला फार मोलाचे वाटते.

शब्द चुकला की शोधही भरकटतो. नौसैनिक समजून लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात गेलात, तर एडीएम (आरमार खात्याचे दप्तर) १८८ या खलाशांच्या नोंदवह्या चाळत बसाल. मरीनची सेवानोंद एडीएम १५९ मध्ये असते आणि तिथे त्याची डिव्हिजन, म्हणजे तो कोणत्या तळाचा हे, माहीत असावे लागते: चॅटम, पोर्ट्समथ की प्लिमथ. मरीनना सेवाक्रमांक १८८४ पासून मिळू लागले, म्हणून १८८२ च्या पदकावर तो शोधू नये. आधी एडीएम १७१ मधली पदकयादी पाहावी. जहाजावरच्या मरीनचे नाव त्या जहाजाच्या यादीत असते.  नाव सापडले की भरतीच्या कागदांसाठी एडीएम १५७.

फितीवरच्या 'क्लास्प'ला 'पट्टी' म्हणावे. 'अलेक्झांड्रिया ११ जुलै' ही पट्टी ताफ्यावरच्यांची, 'तेल-एल-केबीर' ही १३ सप्टेंबरच्या जमिनीवरच्या लढाईची. पदकाच्या मागच्या बाजूला स्फिंक्सखाली १८८२ हा आकडा नसेल, तर पदक पुढच्या सुदान मोहिमांचे. सोबत मिळणाऱ्या खेदिवच्या (इजिप्तच्या शासकाच्या) कांस्य ताऱ्यावर नाव नसते, त्यामुळे एकट्या ताऱ्यावरून माणूस सापडत नाही.

आणि इजिप्तच्या या पदकाला 'शौर्यपदक' म्हणू नये. मोहिमेत हजर असलेल्या सर्वांना ते मिळे, 'मोहीमपदक' म्हणावे. काठ मात्र घासून चकचकीत करू नका, कोरीव अक्षरे झिजतात आणि शोधाचा पहिला धागाच तुटतो.