मागच्या आठवड्यात सेमीफायनल, या आठवड्यात पहिल्याच फेरीत बाहेर

मी खेळाडूंचं समुपदेशन करते. टेनिस खेळणाऱ्या मुलांचे आईवडील माझ्याकडे बहुतेक एकच तक्रार घेऊन येतात. मुलगा तोच, मेहनत तीच, मग एका आठवड्यात सेमीफायनल आणि पुढच्याच आठवड्यात ६-२, ६-१ असा धुव्वा कसा? मनानं कच्चा आहे का?

कोल्हापूरकडच्या एका वडिलांनी सोबत वहीच आणली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) एकोणीस वर्षांच्या मुलाचा प्रत्येक निकाल तारीखवार, पराभव लाल शाईत. मुलगा शेजारी मनगटावरचा बँड फिरवत बसलेला. वडिलांना थोडा वेळ बाहेर बसवून मी त्याला विचारलं, "मॅचच्या आदल्या रात्री काय करतोस?"

"लाइव्ह रँकिंग बघतो."

गोम इथेच होती. लाइव्ह रँकिंग म्हणजे प्रत्येक निकालागणिक बदलणारी क्रमवारी. रँकिंगचे गुण ५२ आठवडेच टिकतात. आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, एम१५ या पुरुषांच्या सगळ्यात खालच्या पातळीवरच्या व्यावसायिक स्पर्धेत विजेत्याला १५ गुण, उपविजेत्याला ८, पहिल्या फेरीत हरणाऱ्याला भोपळा. गेल्या वर्षी फायनल गाठून मिळवलेले ८ गुण यंदा त्याच सुमारास गळणार होते. वही पुन्हा चाळली, तर सगळ्यात दारुण पराभव गुण राखायच्या आठवड्यांतलेच निघाले. पहिली सर्व्हिस टाकण्याआधीच गडी आठ गुणांनी मागे!

तरी सगळं खापर मनावर फोडायला मी तयार नाही. रॉजर फेडररनं २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात स्वतःचा हिशोब मांडला होता: एकेरीचे १५२६ सामने, त्यातले जवळपास ८० टक्के जिंकले, पण पॉइंट जिंकले जेमतेम ५४ टक्के. फेडररची ही गत, तर एम१५ला, जिथे खेळाडूंमध्ये डावं-उजवं करणंच अवघड, तिथे दोन ब्रेक पॉइंट (समोरच्याच्या सर्व्हिसचा गेम जिंकायची संधी देणारे पॉइंट) इकडचे तिकडे झाले की निकाल फिरतो. त्यात दर आठवड्याला गाव नवं, कोर्ट नवं. ब्रिटनच्या एम्मा राडुकानूनं २०२१ मध्ये अठराव्या वर्षी, पात्रता फेरीतून येऊन, एकही सेट न गमावता अमेरिकन ओपन जिंकली. पुढच्या वर्षी तिथेच पहिल्या फेरीत हरली आणि क्रमवारीत ११ वरून थेट ८३ वर आली. तिला कच्ची कोण म्हणेल?

मुलाला काम दिलं ते छोटं. स्पर्धा सुरू असेपर्यंत रँकिंग बघायचं नाही. दोन पॉइंटमध्ये २५ सेकंद मिळतात. त्यात पाठ फिरवायची, रॅकेटच्या तारा नीट करायच्या, पुढची सर्व्हिस कुठे टाकायची ते ठरवायचं. वडिलांना सांगितलं, मॅच संपल्यावर तो फोन करेल, तुम्ही करू नका.

ते उसळलेच. "मॅडम, पैसे मी घालतोय, आणि विचारायचंही नाही?"

राग रास्त होता. पहिल्या फेरीत हरल्यावर हातात येणाऱ्या रकमेतून प्रवास आणि हॉटेलसुद्धा भागत नाही. पण हरल्यानंतरच्या दहाव्या मिनिटाला तो हिशोब मांडून काय साधणार?

झोप उडाली, जेवण सुटलं किंवा पोरगं दुखापत लपवायला लागलं, तर मात्र निकालांची वाट न बघता डॉक्टर गाठावा. इथे तसं काही नव्हतं.

निकाल अजूनही वरखालीच आहेत, मात्र हरलेल्या मॅच आता तिसऱ्या सेटपर्यंत जातात. वडिलांचा खरा प्रश्न वेगळाच निघाला: किती वर्षं आणि किती पैसा? पुढच्या भेटीला कोचलाही बोलावलंय, खर्चाचा कागद घेऊन.