"असं म्हटलं जातं" हे आधी काढून टाक

अगं,

तुझ्या पुस्तकाची पाठवलेली प्रकरणं वाचली. हात चांगला आहे तुझा, त्याची काळजी नाही. पण "असं म्हटलं जातं" किती वेळा आलंय बघ जरा. कोण म्हणतं, कुठे म्हणतं? संपादक पहिली पेन्सिल तिथेच टेकवणार, आणि तेव्हा तू "कुठेतरी वाचलं होतं" म्हणालीस की पुढचं सगळं तो संशयानेच वाचणार.

म्हणून नोट घेतानाच लेखक, आवृत्ती, वर्ष, पान नंबर टाकत जा. वेबपेज असेल तर बघितल्याची तारीख लिही आणि पीडीएफ करून ठेव, लिंका बंद पडतात. दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवलंस तर अवतरणचिन्ह तिथल्या तिथे दे, नाहीतर काही महिन्यांनी आपलं कुठलं आणि त्याचं कुठलं हे तुलाच कळणार नाही आणि मग नको तो चोरीचा शिक्का बसतो, मुद्दाम ढापणारे वेगळे. मुलाखत घेशील तिथे रेकॉर्डिंगची परवानगी आधी माग, नाव छापलं तर चालेल का हेही तेव्हाच विचार.

हे कंटाळवाणं वाटेल, पण रेचल कार्सन या अमेरिकन लेखिकेचं बघ. 1962 मध्ये तिचं कीटकनाशकांवरचं "सायलेंट स्प्रिंग" हे पुस्तक आलं, मागे संदर्भांची पन्नासहून जास्त पानं, आणि छापायच्या आधी प्रकरणं त्या त्या विषयातल्या जाणकारांकडून तपासून घेतलेली. केमिकलवाले तुटून पडले, एका कंपनीने तर प्रकाशकाला कोर्टाची भीती घातली, तरी पुस्तक निघालंच. 1963 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीचा अहवालही बराचसा तिच्याच बाजूने आला. भाषा तिची सुंदर होती, पण पुस्तक टिकलं ते त्या मागच्या पानांवर, असं माझं मत.

आता प्रकाशकाचं. नॉनफिक्शनला, म्हणजे कथा-कादंबरी नसलेल्या तुझ्यासारख्या पुस्तकाला, बरेचदा अख्खं पुस्तक तयार लागत नाही, प्रस्ताव चालतो. त्यात तू कुठल्या प्रश्नाचं उत्तर शोधतेयस, प्रकरणवार आराखडा, एकदोन पूर्ण नमुना प्रकरणं, याच विषयावरची आधीची पुस्तकं आणि तुझं त्याहून वेगळं काय, आणि हे तूच का लिहावंस. "या विषयावर एकही पुस्तक नाही" असं मात्र चुकूनही लिहू नकोस, संपादकाला एक तरी माहीत असतंच. पाठवायच्या आधी ते प्रकाशक कसली पुस्तकं काढतात तेवढं बघ, सरसकट सगळ्यांना एकच ईमेल नको.

करार आला की हुरळून सही करू नकोस. रॉयल्टी छापील किमतीवर की प्रकाशकाच्या हातात पडणाऱ्या रकमेवर, यात बराच फरक पडतो. प्रकाशक आधी देतो तो अ‍ॅडव्हान्स हा बोनस नाही, तो पुढच्या रॉयल्टीतूनच वळता होतो. अनुवाद, ऑडिओ, ईबुकचे हक्क कोणाकडे, पुस्तक छापायचं बंद झालं तर हक्क परत कधी मिळणार, फोटो आणि कवितांच्या परवानग्यांचा खर्च कोणाचा (बहुतेक वेळा तुझाच). आणि एक कलम हमखास असतं, मजकुरात कोणाची बदनामी नाही, दुसऱ्याचं काही उचललेलं नाही, याची हमी लेखकाची. म्हणजे उद्या नोटीस आली तर तुझ्या त्या नोटांच्या फाइलकडेच बोट जाणार. ते कलम वकिलाला दाखव. पैसे घेऊन छापून देणाऱ्यांबद्दल वेगळं लिहीन, तोवर कोणाला आगाऊ पैसे पाठवू नकोस.