वाचकांचे प्रश्न : गाडीची पुढची काच

प्रश्न : मुंबई-गोवा महामार्गावर पुढच्या डंपरमधली खडी उडून काचेला टिकलीएवढा खड्डा पडला. महिन्याभरात तिथून वीतभर तडा गेला, तोही चालकाच्या बाजूला. भरून घेता येईल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही, आता काचच बदला. पुढच्या काचेत दोन थर असतात आणि मधे सुमारे ०.७६ मि.मी. जाडीचा पीव्हीबी प्लास्टिकचा पडदा. मार बाहेरच्या थरापुरता, रुपयाच्या नाण्याहून लहान आणि काठापासून लांब असेल, तर त्यात रेझिन (पारदर्शक, घट्ट होणारा चिकट द्रव) भरून अतिनील दिव्याखाली ते घट्ट करतात. पण भरल्यावरही अंधुक डाग राहतो आणि रात्री समोरच्या दिव्यांचा उजेड त्यावर पसरतो. म्हणून चालकाच्या नजरेसमोरचा खड्डा भरायचा नसतो.

उन्हात तापलेली काच आतून एसीने गार पडते, त्या ताणाने तडा पळतो. काच बदलेपर्यंत एसीचा झोत काचेवर सोडू नका, तापल्या काचेवर पाणी मारू नका, दारे आपटू नका. ज्यांच्या काचेला नुकताच खड्डा पडला आहे, त्यांनी त्याच दिवशी त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. आत धूळ-पाणी गेले की रेझिन नीट धरत नाही.

प्रश्न : काच बसवणारा म्हणतो, तासाभरात गाडी न्या. दुसरा म्हणतो, दिवसभर हलवू नका. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सीलंटच्या, म्हणजे काच चौकटीला चिकटवणाऱ्या डिंकाच्या, नळीवर छापलेल्या सूचनेचे. हे सीलंट पॉलियुरेथेनचे असते, आणि ते हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत घट्ट होत जाते. वरची साय पंधरा-वीस मिनिटांत धरते; आतला भाग मात्र दिवसाला साधारण ३-४ मि.मी. या गतीनेच पक्का होतो. काही सीलंट तासाभरात गाडी चालवण्याइतकी पकड देतात, काहींना बराच जास्त वेळ लागतो. कोरड्या, थंड हवेत आणखी. नळी दाखवायला कोणी तयार नसेल, तर गाडी २४ तास तिथेच ठेवा. एवढी घाई नको, कारण अनेक गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग उघडताना याच काचेला टेकते. गाडी उलटली तर छताचा काही भारही काच पेलते. पकड कच्ची असेल, तर काच चौकटीतून सुटून बाहेर जाते.

काम चालू असताना उभे राहून पाहा. जुने सीलंट पत्र्यापर्यंत खरवडू नये, १-२ मि.मी. थर ठेवून वरचा कापावा, नवे त्यावर उत्तम धरते. कापताना पत्र्यावर ओरखडा गेला तर तिथे प्रायमर (सीलंटच्या आधी लावायचा पातळ थर) हवाच, नाहीतर गंज चढतो आणि सीलंट गंजासकट सुटते. नव्या काचेच्या काळ्या पट्टीवर क्लीनर, मग प्रायमर; त्यानंतर तिथे बोट लागता कामा नये. सीलंटची धार त्रिकोणी, १०-१२ मि.मी. उंच आणि सलग. लहान गाडीला ३१० मिलीची एक नळी पुरते, मोठीला दुसरी उघडावी लागते. नळीची मुदत आणि काचेवरची आयएसआय खूण आधीच बघून घ्या.

पहिला दिवस एक काच बोटभर उघडी ठेवा, म्हणजे दार लावताना आतली हवा नवी काच बाहेर ढकलणार नाही. प्रेशरने धुणे दोन दिवस टाळा. पुढे पावसात पायाशी पाणी आले, तर वरून सिलिकॉन फासू देऊ नका. पाणी दुसरीकडून वाट काढते, शिवाय सिलिकॉन लागलेल्या जागी नंतर पॉलियुरेथेन चिकटत नाही. काच काढून पुन्हा बसवणे हाच उपाय, आणि तो बसवणाऱ्याने फुकट करून द्यायला हवा.

प्रश्न : विम्यातून काच बदलणे परवडते का? फास्टॅगचे काय करायचे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : सर्वंकष विमा हवा, नुसत्या थर्ड पार्टीत काच येत नाही. काचेला घसारा (जुनेपणापोटीची वजावट) कापत नाहीत, पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० रुपये तुमच्या खिशातून जातात. खरा खर्च नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा. समजा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपोटीचा मूळ हप्ता ८,००० रुपये आहे आणि बोनस ५० टक्के. क्लेम केलात की बोनस शून्यावर येतो, मग वर्षागणिक २०, २५ असा चढतो. पहिल्या तीन वर्षांत ४,०००, २,४०० आणि २,००० मिळून ८,४०० रुपये जास्त जातील. सात हजारांच्या काचेसाठी आम्ही क्लेम सुचवणार नाही. बोनस-संरक्षण (क्लेम करूनही बोनस टिकवणारी जोड) घेतले असेल किंवा काच महाग असेल, तर जरूर करा. मात्र विमा कंपनीच्या सर्व्हेअरने पाहण्याआधी काच काढू नका.

फास्टॅग सोलून नव्या काचेला लावता येत नाही, काढताना तो निकामी होतो. बँकेकडून नवा मागवा. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाडीच्या काचेवर नोंदणीचा रंगीत स्टिकरही असतो, तोही नवा घ्यावा लागेल. आरशामागे कॅमेरा असलेल्या गाडीत काच बदलल्यावर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन करून घ्या, म्हणजे त्याची दिशा नव्याने जुळवून घ्या. काही अंशांचा फरक पडला तरी आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा चुकीच्या ठिकाणी पाहते. ते करण्याची सोय नसलेल्या गॅरेजात अशी गाडी देऊच नका.