चर्च ३० किलोमीटरवर, दिवस वावरात. अशा जगण्यात प्रार्थना खोल कशी होईल?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही मिशनच्या बोर्डिंगात होतात तेव्हा प्रार्थना गोड लागायची. लग्न होऊन आर्णीकडच्या खेड्यात आलात आणि चर्च ३० किलोमीटरवर गेलं. मिस्सा, म्हणजे फादरांनी चालवलेली चर्चमधली मुख्य उपासना, महिन्यातून एकदा मिळते. दिवस वावरात आणि चुलीपाशी जातो, रात्री रोझरीची जपमाळ हातात घेतली की तिसऱ्या रहस्याला, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातल्या तिसऱ्या प्रसंगाला, डोळा लागतो. आता प्रार्थना नुसती तोंडातून निघते, मन कोरडं राहतं, ती खोल कशी करायची, असं तुम्ही विचारलंय.

मी घाटंजीच्या बाजूची. लग्नाला ३४ वर्षं झाली, आमची कोरडवाहू शेती आहे, कापूस आणि तूर. धर्मशास्त्र शिकलेली नाही. जे करत आले आणि जे करून टिकलं, तेवढंच सांगते.

आधी एक गोष्ट करू नका: प्रार्थनेचा वेळ वाढवायला जाऊ नका. मी दर रिट्रीटवरून, म्हणजे प्रार्थनेच्या शिबिरावरून, परतले की ठरवायची, उद्यापासून पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना. चार दिवस जमायचं. पाचव्या दिवशी गाय व्यायची, नाही तर लेकराला ताप यायचा, नाही तर रात्रपाळीच्या विजेवर नवऱ्यासोबत ओलिताला जावं लागायचं. मग वाटायचं की आपण देवाला दिलेला शब्द मोडला. त्या ओशाळलेपणात पुढचे पंधरा दिवस साधा क्रूससुद्धा काढवत नसे. दहा-बारा वर्षं मी हेच केलं.

यातून मला बाहेर काढलं संत फ्रान्सिस दि सेल्स यांनी. नागपूरचं कॅथेड्रल, बिशपांचं मुख्य चर्च, त्यांच्याच नावाचं आहे, आणि नागपुरात मिशन चालवणारे फादर त्यांच्याच नावाच्या संघाचे. ते जिनिव्हाचे बिशप होते आणि १६०९ साली त्यांनी संसारी माणसांसाठी भक्तीवर एक पुस्तक लिहिलं. मठातल्या लोकांसाठी अशी पुस्तकं खूप होती, घरादारातल्या लोकांसाठी फार थोडी. त्यात ते म्हणतात की कारागीर मठवासीयासारखा दिवसभर चर्चमध्ये बसून राहिला, किंवा नवरा-बायकोनं गरिबीचं व्रत घेतलेल्या कॅपुचिन साधूंसारखं संसाराला काही साठवायचंच नाही असं ठरवलं, तर ती भक्ती वेडीवाकडी होईल. ज्याचं जे काम, त्या कामात बसेल अशी त्याची भक्ती असावी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रडले होते. नागपूरला जाऊन आयुष्यभर ज्यांच्या नावाच्या चर्चमध्ये डोकं टेकवलं, ते माझ्यासारखीसाठीच लिहून गेले होते आणि मला पत्ता नव्हता.

त्यांचीच आणखी एक गोष्ट माझ्या रोजच्या कामी येते. बागेत फिरायला गेलेला माणूस निघताना चार-पाच फुलं तोडून घेतो आणि दिवसभर त्यांचा वास घेतो, तसं सकाळच्या चिंतनातून एखादी गोष्ट सोबत न्यावी, असं ते सांगतात. मी सकाळी शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्राच्या, चार ओळी वाचते, फार तर पाच मिनिटं. त्यातलं एकच वाक्य उचलते आणि पदराला गाठ मारावी तसं जवळ ठेवते. निंदण करताना, पाणी भरताना ते आपोआप वर येतं. आलं नाही तर नाही.

बोर्डिंगात घंटा व्हायची, खरं ना? सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, आणि सगळ्या जणी उभ्या राहून अँजेलस, ती मरियेला देवदूतानं दिलेल्या निरोपाची छोटी प्रार्थना, म्हणायच्या. आता घंटा नाही, म्हणून वेळही हातातून निसटतो. माझी घंटा मला गावातच सापडली. आमच्याकडे तिन्हीसांजेला गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना असते, तुकडोजी महाराजांची, तुमच्याही गावात असेल. तिचा आवाज आला की मी हातातलं काम ठेवते आणि दारात उभी राहून अँजेलस म्हणते. शेजारची मंडळी त्यांच्या प्रार्थनेला बसलेली, मी माझ्या. सासूबाईंनी पहिल्या वर्षी विचारलं, पुढे त्याही येऊन उभ्या राहू लागल्या. दुपारची घंटा म्हणजे शिदोरी. धुऱ्यावर बसून फडकं सोडलं की भाकरीला हात लावायच्या आधी अँजेलस, मग जेवण. सकाळी गोठ्यात.

रोझरीबद्दल. रात्रीची वेळ सोडा. सोळा तास राबलेलं शरीर अंथरुणावर टेकून जपमाळ धरणार आणि जागं राहणार, हा अट्टहास कशाला? तरीही झोप लागलीच तर घाबरू नका. लिझ्यूची संत तेरेजा कार्मेल संघाच्या सिस्टरांच्या मठात राहायची, तिला तर वर्षानुवर्षं प्रार्थनेच्या वेळी डुलकी लागायची. तिनं लिहून ठेवलंय की लेकरू जागं असो की झोपलेलं, आईबापाला ते सारखंच प्यारं असतं. त्या बाईला चर्चनं १९९७ साली आचार्यपद दिलं, म्हणजे साऱ्या चर्चची गुरू मानलं.

माझी रोझरी कापसाच्या वेचणीत, पातीत म्हणजे ओळीत होते. दोन्ही हात बोंडांत गुंतलेले, त्यामुळे मणी मोजता येत नाहीत, म्हणून मी मोजणंच सोडलं. एक पात, एक रहस्य. पात लागली की रहस्य मनात धरायचं आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ‘नमो मरिया’ ही प्रार्थना म्हणत राहायचं. कधी पंधरा होतात, कधी तीस. मध्येच शेजारच्या पातीतली बाई मुलीच्या सोयरिकीचं बोलते, तिचं ऐकायचं आणि तिची मुलगी त्याच रहस्यात घ्यायची. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्यं असतात. काट्याकुट्यात बोटं फाटलेली असताना काट्यांच्या मुकुटापाशी मन जितकं थांबतं, तितकं बोर्डिंगातल्या गुळगुळीत बाकावर कधी थांबलं नव्हतं.

तुम्ही लिहिलंय की पाठ केलेल्या प्रार्थना नुसत्या तोंडातून निघतात, खरं ध्यान होत नाही. अविलाच्या संत तेरेजानं (ही वेगळी तेरेजा) एका म्हाताऱ्या सिस्टरची हकिकत सांगितली आहे. त्या बिचारीला मौन ध्यान जमायचंच नाही, तोंडानं म्हणायच्या प्रार्थनाच तेवढ्या यायच्या, आणि त्याचं तिला फार दुःख होतं. तेरेजानं चौकशी केली तेव्हा कळलं की येशूनं शिकवलेल्या नुसत्या ‘आमच्या पित्या’ला धरून ती बाई ध्यानाच्या फार वरच्या पायरीला पोचली होती. तेव्हा ती प्रार्थना सावकाश म्हणून पाहा. भाकरी थापताना ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ एवढंच म्हणा. ‘आज’ या शब्दावर थांबा. वर्षभराचं धान्य मागितलेलं नाही, कर्जमाफीही नाही. आणि ‘मला’ नाही, ‘आम्हांला’. शेजारी ज्यांच्या घरी आज चूल पेटली नसेल, ते त्यात आले.

आता कोरडेपणाचं, कारण तुमच्या प्रश्नातलं खरं दुखणं ते आहे असं मला वाटतं.

२०१७ चा खरीप तुम्हाला आठवत असेल. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली ते वर्ष. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळी आली. वरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत अळी आणि सडलेला, पिवळा पडलेला कापूस. जूनमध्ये पेरणीच्या आधी मी बियाण्याच्या पिशवीवर पवित्र पाणी शिंपडलं होतं. नोव्हेंबरात नवऱ्यानं उभ्या पऱ्हाटीत जनावरं सोडली आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. मी प्रार्थना बंद केली. रागावून केली, आळसानं नाही. पाच आठवडे रोझरी खुंटीला टांगलेली होती.

महिन्याच्या मिस्सेला गेले तेव्हा मिशनमधल्या एका वयस्क सिस्टरना हे सांगितलं. वाटलं होतं रागावतील, नाही तर धीर धर म्हणतील. त्यांनी बायबल उघडून ८८ वं स्तोत्र काढून दिलं आणि म्हणाल्या, ‘हे मोठ्यानं वाच, वावरात जाऊन वाच.’ तुम्हीही वाचा. बाकीची बहुतेक विलाप-स्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात. हे वळत नाही. देवा, तू मला खड्ड्यात टाकलंस, माझी माणसं माझ्यापासून दूर केलीस, असं म्हणत म्हणत ते अंधारातच संपतं. आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, चर्च ते प्रार्थना म्हणून म्हणते. उघड्या वावरात उभी राहून मी ते वाचलं, ओरडून वाचलं. बरं वाटलं असं म्हणणार नाही. पण देवाशी बोलणं पुन्हा सुरू झालं, आणि तेव्हापासून मी त्याच्याशी गोड बोलायचं सोडून खरं बोलू लागले. माझी प्रार्थना खोल झाली असेल तर त्या नोव्हेंबरात झाली. बोर्डिंगातला गोडवा तुम्हाला परत मिळेल की नाही, ठाऊक नाही. मला मिळाला नाही, आणि आता त्याची ओढही राहिलेली नाही.

रविवारचं थोडक्यात. गाडी नाही, फादर नाहीत, म्हणून मिस्सा चुकली तर त्याचं पाप मनावर घेऊन बसू नका. अशा वेळी एकट्यानं किंवा कुटुंबानं मिळून काही वेळ प्रार्थनेत घालवावा, असं चर्चचा कायदाच सांगतो. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात ठरलेली असतात, मुख्यतः एक वर्ष मत्तय, एक वर्ष मार्क, एक वर्ष लूक. फादर आले की पुढच्या चार रविवारांची वाचनं लिहून घ्या. जे शुभवर्तमान त्या सकाळी कॅथेड्रलमध्ये वाचलं जातं, तेच तुमच्या ओसरीवर वाचा. मग डोळे मिटून येशूला म्हणा की मिस्सेतल्या भाकरीच्या रूपातलं तुझं शरीर आज मला घेता येत नाही, तू मनात ये. याला आत्मिक कम्युनियन म्हणतात, संतांनी ते रोज केलंय. पापनिवेदन करायचं असेल तर फादरांना मिस्सेच्या आधीच गाठा, नंतर त्यांना पुढच्या गावी पळायचं असतं.

नवऱ्याला आणि लेकरांना ओढून बसवू नका. रात्री जेवणानंतर एकच दशक, म्हणजे रोझरीतलं एकच रहस्य, तेही जो येईल त्याच्यासोबत. माझा धाकटा दहा वर्षं नुसता दारात उभा राहायचा.

हे सगळं एकदम धरू नका. सध्या पेरणीचे दिवस आहेत, तर फक्त दुपारची शिदोरी घ्या, आणि सोबत मार्कचा चौथा अध्याय, २६ ते २९ ओव्या. त्यात एक माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि बी कसं वाढतं ते त्याला कळत नाही. महिनाभर धुऱ्यावर बसून तेवढंच वाचा. मग मला लिहा, मी वाट पाहीन.