जुन्या चिठ्ठीवर झोपेच्या गोळ्या द्यायला मेडिकलवाल्याने नकार दिला, ही अडवणूक नाही का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील बहात्तर वर्षांचे आहेत, दोन वर्षांपासून रोज रात्री अल्प्राझोलमची एक गोळी घेतात. नेहमीच्या मेडिकलमधून त्याच एका चिठ्ठीवर गोळ्या मिळत होत्या. या वेळी काउंटरवर नवा फार्मासिस्ट होता. त्याने चिठ्ठी उलटसुलट पाहिली आणि "नवी आणा" म्हणून परत पाठवलं. चिठ्ठी खरी, डॉक्टर खरे, पेशंट खरा, मग अडवण्याचा अधिकार त्याला कुणी दिला?

मी नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे, एकोणीस वर्षं याच काउंटरच्या आतल्या बाजूला उभा आहे. नकार देणं त्याच्यासाठी नुसता अधिकार नव्हता, बंधन होतं. तरीही माझ्या मते त्याने अर्धंच काम केलं. उरलेल्या अर्ध्याबद्दल तुम्ही रागावला असाल तर तो राग रास्त आहे.

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम १९४० चा आणि त्याखालचे नियम १९४५ चे. दुकानाचा परवाना ज्या अटींवर मिळतो त्या या नियमांतल्या ६५ व्या नियमात आहेत. त्यातली एक अट लोकांना जवळजवळ कधीच कुणी सांगत नाही: शेड्यूल एच (चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांची यादी) आणि त्याहून कडक याद्यांतल्या औषधांची चिठ्ठी एकदाच चालते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर "पुन्हा द्यावे" असं लिहिलं असेल, किती वेळा किंवा किती दिवसांनी ते लिहिलं असेल, तरच ती परत वापरता येते, आणि तीही लिहिलं असेल तेवढ्याच वेळा. म्हणजे चिठ्ठी हा कायमचा पास नाही. एका वेळी एवढी औषधं द्या, असा तो लेखी आदेश आहे. औषधं दिली की आदेश पुरा झाला.

याच नियमात आणखी एक बारीक गोष्ट आहे. औषध देताना दुकानदाराने चिठ्ठीवर, डॉक्टरांच्या सहीच्या वर, दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख नोंदवायची असते. आपण त्याला शिक्का मारणं म्हणतो. बहुतेक ठिकाणी तो मारला जात नाही, आणि मारला तर कित्येक गिऱ्हाइकांना राग येतो की आमची चिठ्ठी खराब केली.

त्या शिक्क्याची किंमत मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कळली. एक वयस्कर बाई महिन्याला एकदा यायच्या, अशाच झोपेच्या गोळ्यांसाठी. चिठ्ठी जुनी, पण माणूस ओळखीचा, बोलणं गोड. मी द्यायचो. एके दिवशी त्यांचा मुलगा पिशवी घेऊन आला आणि त्याने चार वेगवेगळ्या दुकानांची बिलं काउंटरवर मांडली. तीच एक चिठ्ठी चारही ठिकाणी फिरत होती. प्रत्येक दुकानाला वाटत होतं की आपण एका महिन्याच्या गोळ्या देतोय, आणि प्रत्येक दुकान आपल्यापुरतं खरंच होतं. बाईंना दिवसा तोल सांभाळता येत नव्हता, बाथरूममध्ये पडून मनगट मोडलं तेव्हा घरच्यांनी कपाट उघडून पाहिलं. चिठ्ठीवर माझा एक शिक्का असता तर दुसऱ्या दुकानात निदान प्रश्न तरी विचारला गेला असता. तेव्हापासून मी शिक्का मारल्याशिवाय चिठ्ठी परत देत नाही.

आता तुमच्या गोळीकडे वळतो. अल्प्राझोलम साध्या शेड्यूल एचमध्ये नाही, शेड्यूल एच १ मध्ये आहे. ही यादी २०१३ मध्ये अधिसूचित झाली आणि १ मार्च २०१४ पासून लागू झाली. सुरुवातीला तिच्यात ४६ औषधं होती, साधारण तीन गटांतली: वरच्या पायरीची प्रतिजैविकं (सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम वगैरे), क्षयरोगाची औषधं, आणि सवय लागू शकणारी झोपेची, चिंतेची, वेदनेची औषधं (अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल, कोडीन). पाकिटावर लाल अक्षरांत 'आरएक्स' असतं आणि लाल चौकटीत इशारा. अशी प्रत्येक विक्री वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावी लागते: डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं आणि औषध निरीक्षक मागेल तेव्हा दाखवायचं. त्या नव्या फार्मासिस्टने तुमच्या दोन वर्षांपूर्वीच्या तारखेची चिठ्ठी रजिस्टरमध्ये कशी लिहायची? खोटं लिहायचं, नाहीतर लिहायचंच नाही. त्याने दोन्ही केलं नाही, आणि यासाठी मी त्याला दोष देणार नाही. आधीचा दुकानदार देत होता हे त्याचं चांगुलपण तुम्हाला वाटत असेल. माझ्या लेखी तो तुमच्या वडिलांच्या बाबतीत निष्काळजी होता.

कारण कायद्यापलीकडचा मुद्दा जास्त गंभीर आहे. या जातीच्या गोळ्या सहसा थोड्या आठवड्यांसाठी लिहिल्या जातात. दोन वर्षं एकच चिठ्ठी चालली, याचा अर्थ दोन वर्षांत या गोळीबद्दल कुठल्याही डॉक्टरांनी पुन्हा विचार केलेला नाही. सत्तरीच्या पुढे या गोळ्यांनी गोंधळायला होतं, विसरायला होतं, रात्री उठताना पडण्याची भीती वाढते. पण (हे कृपा करून नीट वाचा) इतके दिवस रोज घेतलेली गोळी एकदम बंद करणंही धोक्याचं आहे. झोप पार उडते, थरथर सुटते, जीव कासावीस होतो, आणि काहींना आकडी येते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू कमी करत आणायची असते. म्हणून आज वडिलांकडे किती गोळ्या शिल्लक आहेत ते मोजा आणि त्या संपण्याआधी डॉक्टरांकडे जा. गोळ्या संपल्याच असतील तर आजच जा.

आणि इथेच त्या फार्मासिस्टचं उरलेलं अर्धं काम येतं. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५ नुसार चिठ्ठी तपासणं आणि पेशंटला समजावून सांगणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे. "नवी आणा" एवढं बोलून पाठ फिरवणं म्हणजे समजावणं नव्हे. ही गोळी एकदम थांबवू नका, हे एक वाक्य त्याने बोलायलाच हवं होतं. डॉक्टरांना फोन लावून "तुमचा पेशंट इथे आहे, गोळ्या संपत आल्यात, आज तपासाल का?" असं विचारता आलं असतं. फोनवरच्या होकारावर गोळी देता येत नाही, चिठ्ठी लेखी, सहीची आणि तारखेचीच लागते. पण भेट तर ठरवून देता आली असती. ब्रिटनमध्ये अशा वेळेसाठी सोय आहे: आधीपासून सुरू असलेलं औषध संपलं आणि डॉक्टर लगेच भेटत नसतील, तर फार्मासिस्ट स्वतःच्या जबाबदारीवर थोडा साठा देऊ शकतो, या प्रकारच्या गोळ्यांचा जास्तीत जास्त ५ दिवसांचा. आपल्या नियमांत अशी वाट ठेवलेली नाही. ती असावी असं मला मनापासून वाटतं, कारण तिच्या अभावी भला फार्मासिस्टसुद्धा नियम मोडणं आणि पेशंटला उघड्यावर सोडणं यांच्या कचाट्यात सापडतो.

कुणीतरी तुम्हाला घरपोच मागवा म्हणेल. २६ मार्च २०२० ला कोविडमुळे औषधं घरी पोचवायला परवानगी देणारी अधिसूचना निघाली होती, तिच्यातूनही शेड्यूल एच १ आणि शेड्यूल एक्स (त्याहूनही कडक यादी) यांतली औषधं वगळलेली होती. तो मार्ग शोधू नका.

नवी चिठ्ठी घेताना डॉक्टरांना इतकं सांगा: औषधाचं नाव, ताकद, रोजची मात्रा आणि एकूण गोळ्या स्पष्ट लिहा, आणि औषध चालू ठेवायचं असेल तर किती वेळा, किती दिवसांनी द्यायचं तेही लिहा. "पुढील तीन महिने, दरमहा ३० गोळ्या" ही एक ओळ असली की तेवढे महिने कुणी अडवणार नाही. चिठ्ठीवर वडिलांचं नाव आणि पत्ता आहे ना, तेही पाहून घ्या. नियमाला तेही लागतं.

अशी चिठ्ठी हातात असताना मात्र तुमची बाजू भक्कम आहे. औषध किंमत नियंत्रण आदेश २०१३ नुसार दुकानात असलेलं औषध दुकानदाराला विनाकारण नाकारता येत नाही, आणि सुट्या गोळ्या दिल्या तर पाकिटाच्या किमतीच्या प्रमाणातच पैसे घ्यावे लागतात. डॉक्टरांनी लिहिलेल्या ब्रँडऐवजी "हे घ्या, सेमच आहे" म्हणून दुसरा देणं या औषधांच्या बाबतीत नियमबाह्य आहे; हवं तर डॉक्टरांकडूनच औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. मग कंपनी निवडायची मोकळीक आपोआप मिळते. देणारा माणूस फार्मासिस्ट आहे का, हेही विचारा. पांढरा कोट आणि त्यावर नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला, हे २०१५ च्या त्याच नियमांत सांगितलंय. फार्मासिस्ट जागेवर नसताना पोऱ्याने चिठ्ठीवरचं औषध काढून देणं फार्मसी अधिनियम १९४८ च्या कलम ४२ खाली गुन्हा आहे. बिल मागा, आणि बिलावरचा बॅच नंबर पाकिटाशी ताडून पाहा.

डॉक्टरांकडे जाताना वडिलांच्या बाकीच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून सोबत न्या. खोकल्याचं औषध आणि अंगदुखीच्या गोळ्याही, कारण त्यांत कोडीन किंवा ट्रामाडॉल असेल तर अल्प्राझोलमबरोबर श्वास मंदावू शकतो, आणि वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या एकाच टेबलावर आल्याशिवाय हे कुणाच्या लक्षात येत नाही.